हुलिगेम्मानं सोडलेली पट्टी

गंगावतीच्या अलीकडच्या त्या गावात कुणाचा हात मोडो, पाय मुरगळो, आधी हुलिगेम्माचं दार. उडदाचं पीठ, अंड्याचा पांढरा बलक, बांबूच्या कामट्या, बस्स. बांधलेली पट्टी पंधरा दिवस सोडायची नाही, हा तिचा कायदा. बाई फटकळ. चाळीस वर्षांत एक हाड वाकडं बसलं नाही, हे ती स्वतःच सगळ्यांना ऐकवायची!

सौभाग्याचा गुडघा तिनंच बांधला होता. पोर नऊ वर्षांची. पडल्याचं काही आठवत नव्हतं, पण गुडघा टम्म सुजलेला. चौथ्या दिवशी तिची आई मल्लव्वा तिला कडेवर घेऊन आली.

"बघ अव्वा हिची थेरं! काल घोटा म्हणाली, आज कोपर. शाळा बुडवायला रोज नवा सांधा! दोन धपाटे घातले, तरी तेच."

हुलिगेम्मानं कोपराला नुसतं बोट लावलं आणि पोर किंचाळली. कोपर तापलं होतं. अंगही तापानं फणफणलं होतं.

"आणि गुडघा?"

"तो आता नाही दुखत," पोरगी हुंदके देत म्हणाली.

हुलिगेम्मानं पट्टीवरून हात फिरवला. मुरगळलेलं दुखणं पायातून उठून हातात जाऊन बसतं होय? हे आपलं काम नव्हतंच. सवयीनं बांधून मोकळे झालो आपण! तिनं कात्री ओढली.

"अव्वा, पंधरा दिवस कुठं झालेत अजून..." मल्लव्वा म्हणाली.

"गप गं! मला माझा कायदा शिकवू नकोस."

ओट्यावर पाच-सहा जण खोळंबले होते. "अव्वाची पट्टी चुकली वाटतं," कुणीतरी कुजबुजलं. तिचे कान लाल झाले, पण कात्री थांबली नाही. आतल्या गुडघ्याची सूज साफ उतरली होती.

"हो, चुकली!" ती ओरडली. "टमटम बोलवा. बघत काय बसलात मेल्यांनो!"

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दोन-तीन आठवड्यांपूर्वी हिचा घसा दुखला होता?"

"होय. आईसकांडी खाल्ली म्हणून मी मारलंसुद्धा," म्हणत मल्लव्वा रडायला लागली.

बाईंनी छातीला नळी लावली ती बराच वेळ काढलीच नाही.

"सांधे बरे होतील. हा घशातून आलेला ताप, सांध्यासांध्यांतून फिरतो आणि हृदय धरतो. हिच्या हृदयाला थोडं लागलंय. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, कित्येक वर्षं. एकही चुकवायचं नाही." मग त्यांना गुडघ्यावरचं वाळलेलं पीठ दिसलं आणि आवाज चढला. "हे कुणी बांधलं? चार दिवस वाया घालवले पोरीचे!"

मल्लव्वानं मान खाली घातली. इथं हुलिगेम्माला कुणी ओळखत नव्हतं.

"मी," हुलिगेम्मा म्हणाली.

"आणि सोडलं कुणी?"

"तेही मीच."

बाईंचा आवाज खाली आला. "मग इंजेक्शन चुकणार नाही, हे तुम्हीच बघा. गाव तुमचं ऐकत असेल."

"आजवर ऐकत होतं," हुलिगेम्मा म्हणाली. "पहिल्या इंजेक्शनची तारीख कुठली?" आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.