मायपुरतं शहाणपण

जठारपेठेतल्या आमच्या मेडिकलवाल्याच्या भिंतीवर फार्मसीचं सर्टिफिकेट आहे; त्यावरचा फोटो दुसऱ्याचा. हा चिठ्ठी मागत नाही. कुठं दुखतं विचारतो आणि कात्रीनं गोळ्या कापून पुडी देतो. बाबांच्या गुडघ्यासाठीही दिली.

मी म्हटलं, "बाबा रक्त पातळ करायची गोळी घेतात. यानं पोटात रक्तस्राव झाला तर?"

"काई होत नाई बाप्पा. बी.ए. झाला तं डॉक्टर झाला काय?"

तेवढ्यात त्याच्या बायकोचा फोन आला. हा ओरडला, "मायले दुखण्याची गोळी देऊ नको वं! ते रक्त पातळ करायची खाते, माईत नाई तुले?"

फोन ठेवून त्यानं निर्लज्जपणे पुडी माझ्याकडे सरकवली.

मी परत ढकलली. म्हटलं, "तुमच्या मायलेच द्या."