हॉटेलातली मैत्रीण

हॉटेलात गेले की मी आधी भटारखान्यात डोकावते. मालकाला ते आवडत नाही, वेटर एकमेकांकडे बघून हसतात आणि माझा नवरा मान खाली घालून मेन्यूकार्ड पाठ करायला घेतो. पण मला पाहायचंच असतं. शेवभाजीचा लाल रंग तिखटाचा की आणखी कशाचा, कालची शेव आज रश्श्यात बुडवली का, कोथिंबीर धुतली का. 'शुद्ध शाकाहारी' हे जितक्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असेल तितका माझा संशय वाढतो. शुद्ध आहे तर एवढं ओरडून कशाला सांगायचं?

टीव्हीपुढेही माझं हेच चालतं. गुन्ह्यांची मालिका लागली की पहिली जाहिरात यायच्या आत मी आरोपी ठरवते, आणि बहुतेक वेळा तोच निघतो. गाण्यांच्या स्पर्धेत परीक्षक रडायला लागला की मी त्याच्या गालांवर पाणी शोधते. नवरा म्हणतो, "तू मास्तरीन कायले झाली? पोलीस ठाण्यात लागाची होती." मला त्याचं वाईट वाटत नाही.

पण सर्वात जास्त संशय मी घेतला तो माझ्या मैत्रिणीचा. आम्ही दोघी किन्हीराजाच्या पलीकडच्या एका खेड्यात शिक्षिका. राहायला दोघी वाशीमला. ती रिठदकडच्या मोठ्या शेतकरी घराण्यातली सून, मी मेडशीच्या बौद्ध कुटुंबातली मुलगी. तिच्याच गाडीतून आम्ही शाळेत जातो-येतो. शनिवारी शाळा सकाळची असते. महिन्यातल्या एका शनिवारी, शाळा सुटली की ती मला हायवेवरच्या एका हॉटेलात जेवायला नेते. तिथल्या फॅमिली रूमला पडदा आहे, त्यामुळे मोठ्यानं हसता येतं. शेवभाजी, रोटी, कांदा, आणि शाळेतल्या सगळ्यांची यथेच्छ निंदा. त्या दीड तासासाठी मी महिनाभर थांबत असे.

हे सगळं मी एकदा मेडशीला गेले तेव्हा मायला कौतुकानं सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "थे तुले हाटेलातच काहून नेते? घर नाही का तिले?"

झालं. तेव्हापासून माझा तपास सुरू झाला. सहा वर्षांत तिनं मला एकदाही घरी बोलावलं नव्हतं. दिवाळीचा फराळ ती शाळेत आणायची, सगळ्यांना वाटायची, माझ्या डब्यातली भाजीही हक्कानं ओढून घ्यायची. पण जानेवारीतल्या हळदीकुंकवाला शाळेतल्या बाकीच्या दोघी तिच्या घरी गेल्याचं मला मोबाईलवरच्या फोटोतून कळलं. विचारलं तर म्हणाली, "तुमी लोकं हे करत नाही न, म्हनून नाही बोलावलं." खरं होतं ते, आम्ही करत नाही. तरी मी तो फोटो मोठा करून पाहिला. मागे तिच्या सासूबाई उभ्या होत्या.

गाडीतल्या गाण्यांवरही माझं लक्ष गेलं. एरवी ती जुनी हिंदी गाणी लावते, पण एप्रिल आला की गाडीत भीमगीतं सुरू होतात. मला वाटायचं, हे माझ्यासाठीच लावते, मी उतरले की बंद करत असेल. पण तिला ती पाठ होती, कडव्यांसकट. मी विचारलं, तू कुठं शिकलीस. ती म्हणाली, "माहेरी आमच्या वावरात निंदाले येनाऱ्या बाया म्हनत. मी बांधावर बसून आयकत राहो." त्या बाया दुपारी जेवायला कुठं बसायच्या, हे मात्र मी विचारलं नाही. माझी मायही अशीच दुसऱ्यांच्या वावरात तण निंदायला जायची.

या मार्चमधल्या एका शनिवारी हॉटेलवर गेलो तर कोणाचा तरी साखरपुडा चाललेला. फॅमिली रूम भरलेली, बाहेर लाऊडस्पीकर. ती म्हणाली, जाऊ दे, पुढच्या शनिवारी येऊ. माझ्या तोंडून निघून गेलं, म्हणजे मीच ते मुद्दाम काढलं, "तुह्या घरी चाल न. पिठलं-भाकर टाकू." तिनं किल्ली लावली होती, पण गाडी काही सुरू केली नाही. समोरच्या काचेवरची धूळ बघत राहिली. मग "चाल," म्हणाली, एवढंच.

तिच्या घरी सासूबाई टीव्हीसमोर बसल्या होत्या. मालिकेतली धाकटी सून दुधात काहीतरी मिसळत होती. मी म्हणाले, "ही नाही काकू, हिला मोठीनं फसवलंय." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "मीबी थेच म्हनतो. पन इथं मायं आयकते कोन?" मी त्यांच्या बाजूला बसले. पाच मिनिटांत आम्ही दोघींनी त्या मालिकेतल्या अख्ख्या घराची झडती घेतली. मला त्या आवडल्या, हे मी लपवणार नाही.

मग जाहिरात लागली आणि त्यांनी विचारलं, "कोन्या गावच्या तुमी?"

"मेडशीची."

"मेडशीत कोनाच्या? आडनाव काय?"

स्वयंपाकघरातून मैत्रिणीनं उगाच मोठ्यानं सासूला हाक मारली, "आत्याबाई, लसूण कुठं हाये?" मी आडनाव सांगितलं. "हो का," त्या म्हणाल्या. चेहरा तसाच हसरा राहिला. मी तो बदलतो का ते बघत होते, बदलला नाही.

मैत्रिणीनं तीन स्टीलची ताटं मांडली. सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, त्यातलं एक उचलून ठेवलं आणि शोकेसमधून काचेची मोठी प्लेट काढून पदरानं पुसली. "पाव्हन्यायले चांगल्या भांड्यात वाढत जाय."

"असू द्या न आत्याबाई."

"तुले नाही कळत."

मी पाटावर बसले. माझी आजी सांगायची, मोठ्या घरी तिला चहा काचेच्या पेल्यात मिळायचा, कारण काच धुतली की कोरी होते, तिला काही लागून राहत नाही. आणि आमच्याही शोकेसमध्ये काचेचा सेट आहे, शाळेचे साहेब घरी आले की तोच निघतो. म्हणजे हा मान होता की दुसरं काही, ते मला ठरवता येईना. वाढायचा हात तर सैल होता. भाकर संपायच्या आत दुसरी, पिठल्यावर कच्च्या तेलाची धार, "लाजू नका बाई." पिठलं फार चांगलं झालं होतं आणि त्याचाही मला राग आला.

जेवण झाल्यावर मी प्लेट उचलली. सासूबाई घाईनं म्हणाल्या, "तिथं नका ठेवू. थे बाजूले ठेवा, मोरीपाशी." मैत्रिणीनं माझ्या हातातून ती घेतली, इतर भांड्यांतच टाकली आणि सगळी मिळून घासली. सासूबाई टीव्हीकडे वळल्या, पण आवाज त्यांनी वाढवला.

गाडीत ती गाणं लावायचं विसरली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबून म्हणाली, "थे प्लेट पाव्हन्यायची नोहे."

"समजलं मले."

"म्हनून मी तुले घरी नेत नव्हती. तिच्यासंगं भांडाची हिंमत नाही झाली माही. हाटेलात बरं वाटे, कोनी काई इचारत नाही."

माझा संशय खरा निघाला होता. मालिकेतला आरोपी सापडल्यावर मला जो आनंद होतो, तसलं काहीच झालं नाही. मला रडू येत होतं आणि ते दाबायला मी तिखट बोलले, "सहा वर्षं पडद्यामागं जेवू घातलं तू मले."

तिनं गाडी बंद केली. मग म्हणाली, "आन तू? तुह्या घरी तं सासूबी नाही. तू काहून नाही बोलावलं मले?"

मी दार उघडून उतरले. उत्तर होतं माझ्याकडे, पण सांगण्यासारखं नव्हतं. ती घरी आली आणि 'पोट भरलंय, नुसता चहा दे' म्हणाली, आणि तोही अर्धाच प्यायली, तर मग मी काय करणार होते? डब्यातली भाजी खाणं वेगळं आणि आमच्या चुलीपाशी बसणं वेगळं, असं मीच ठरवून टाकलं होतं. जे तिनं अजून केलंच नव्हतं, त्याची शिक्षा मी तिला सहा वर्षं देत होते.

पुढच्या रविवारी तिला बोलावलं. वांग्याची भाजी, ज्वारीच्या भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. रोजचीच स्टीलची ताटं. नवऱ्याला टीव्ही बंद करायला लावला. ती आली, हात धुऊन खाली बसली आणि मी तिच्यासमोर.

पहिला घास तिनं लगेच घेतला की थांबून, ते मी पाहिलं. पाणी ती वरून प्यायली, पेला ओठांना न लावता. मी तेही टिपून ठेवलं. मग आठवलं की शाळेतही ती बाटली अशीच तोंडापासून लांब धरते. दुसरी भाकर तिनं मागून घेतली. भरिताएवढंच तेल सुटलेल्या त्या भाजीचा रस्सा ती बोटानं पुसत होती, आणि मी तिच्या ताटातल्या उरलेल्या दोन फोडी मोजत होते.

मान वर न करता ती म्हणाली, "माह्या सासूसारखी पाहू नको मायाकडं. जेव."

तिच्या सासूचं पाहणं आणि माझं पाहणं एक नाही. सासूला काही गमावायचं नव्हतं, मला ही एकच मैत्रीण होती. हे मला तिला सांगायचं होतं आणि एक दिवस सांगीनही, चांगलं भांडून सांगीन. पण तेवढ्यात तिचं ताट रिकामं झालं. मी उठले आणि तिला न विचारता तिसरी भाकर वाढली.