इंजिनाला केलेला पाहुणचार

इंजिन आकारामशी कधी खोटं बोललं नव्हतं. कोडोलीत ट्रॅक्टर उघडता उघडता त्याला मिसरूड फुटलं, आणि पुढं उजळाईवाडीच्या विमानतळावर वैमानिक घडवणाऱ्या एका संस्थेत मेकॅनिक म्हणून राबताना केस पांढरे झाले. ट्रॅक्टरच्या राज्यात थोडं तेल गळलं तर कुणी मनावर घेत नसे. "गळतंय म्हंजे आत तेल हाय की!" म्हणत गिऱ्हाईक खुशाल नांगरायला जाई. विमानाच्या राज्यात मात्र एकेक थेंब जाब विचारतो.

दसरा उलटला आणि शिकाऊ पोरांच्या दोन आसनी विमानाच्या पोटाखाली तेलाचा ओघळ दिसायला लागला. पावसाळ्यातच आलेलं, नवंकोरं नसलं तरी देखणं विमान. घाव वर्मी बसला, कारण इंजिनावरच्या झाकणाखालचं, तेल अडवणारं गॅस्केट आकारामनंच बदललं होतं, ऐन खंडेनवमीच्या तोंडावर. त्यानं झाकण पुन्हा उघडलं, दुसरं गॅस्केट घातलं, सगळे स्क्रू एकसारखे आवळले. विमान एक फेरी मारून आलं. पोट पुन्हा तेलकट!

घरी ताटावर बसला तरी घास उतरेना. विठाबाई म्हणाली, "अवो, भाकरी गार व्हाय लागली. इंजान काय ताटात बसलंय व्हय?"

"हात गेला माझा, विठे. किती आवळायचं ते हाताला कळंना झालंय. उद्या मॅडमना सांगतो, दुसरा माणूस बघा."

"हात गेला म्हणं! मग सकाळी लोणच्याची बरणी कुणी उघडली? मला तर ती हलंना झालती."

आकाराम हसला नाही. दुसऱ्या दिवशी हँगरमध्ये पाऊल टाकताच त्यानं तेच पाढे वाचले. मैथिली तिथली इंजिनिअर, वयानं त्याच्या लेकीएवढी.

"मॅडम, माझ्या हाताचा भरवसा आता धरू नका."

"काका, आधी गळती शोधू. रुसायचं असेल तर नंतर रुसा."

दोघांनी मिळून इंजिन धुऊन लख्ख कोरडं केलं. मग आकारामनं, रंगमंचावर जाण्याआधी नटाच्या चेहऱ्यावरून फिरवावी तशी, झाकणाच्या कडेनं पांढरी पावडर हलकेच भुरभुरली. जिथं तेल पाझरेल तिथं पावडरीवर डाग उमटणार होता. पंखा फिरला, इंजिन गरजलं, हँगरचे पत्रे थरथरले, आणि मग सारं शांत झालं. आकाराम पुढं होईना. पडदा पडल्यावर टाळी येते की हुर्यो उठते, याकडं कान लावून विंगेत थिजलेल्या नटासारखा तो उभा राहिला.

"काका, इकडे या. बघा तरी."

झाकणाची कड पांढरीशुभ्र होती. एक डाग नव्हता. मैथिलीनं बॅटरीचा झोत खाली नेला. इंजिन ज्या नळीतून श्वास बाहेर सोडतं, तिच्या तोंडाशी तेलाचा टपोरा थेंब लोंबत होता.

"हे गळत नाहीये, ओकतंय. तेल किती भरता?"

"मापाच्या पट्टीवरल्या वरच्या रेघंपतोर. खंडेनवमीला हार घातला, निवद दावला. मग सणाला त्यालाच अर्धपोटी ठिवायचं व्हय? तवापास्नं रोज बघतोय, तर तेल उतरलेलंच. म्हटलं गळून रिकामं व्हाय लागलंय बिचारं. म्हणून रोज पुन्ना भरतोय."

मैथिलीला हसू आवरेना. "तुम्ही कोल्हापूरकर पाहुण्याला पानावरून उठूच देत नाही! काका, ती रेघ म्हणजे शेवटची हद्द. या इंजिनाची भूक थोडी कमी आहे. जास्तीचं ते बाहेर टाकतं. ते टाकत होतं आणि तुम्ही वाढत होतात. विमान आलं तेव्हा हे तुम्हाला सांगायचं माझ्याकडूनही राहिलं."

"म्हंजे गॅस्केट..."

"गॅस्केट झकास बसलंय. दोन्ही वेळा."

जादाचं तेल काढलं. विमान आभाळात एक फेरी मारून उतरलं. आकारामनं त्याच्या पोटावरून तळवा फिरवला. कोरडा! कुणीतरी नेलेली वस्तू परत मिळावी तसा तो आपल्या तळव्याकडं बघत राहिला.

मैथिलीनं शेजारच्या विमानाकडं बोट केलं. "त्याचंही झाकण आज उघडायचंय. दुसरा माणूस बघू?"

"दुसरा कशाला?" बाह्या सारत आकाराम म्हणाला. "पाना द्या की इकडं."