देगांपुरता निकाल

आमच्या गावच्या जमातीच्या, म्हणजे मुसलमान पंचायतीच्या, बहारीन शाखेने काढलेल्या स्मरणिकेत छापून आले आहे की, गावच्याच एका फिटरवरचा बहिष्कार आमच्या तिघांच्या न्यायसमितीने उठवला. हे खोटे आहे. समितीतला कापडव्यापारी आजही चारचौघांत सांगतो की अध्यक्ष, म्हणजे मी, गावाला घाबरलो आणि फिटरला वाऱ्यावर सोडले. हेही खोटे आहे. स्मरणिकेतला लेख लिहिणारे गृहस्थ समितीचे तिसरे सदस्य. ते एका हॉटेलात स्टोअरकीपर होते, आणि सुनावणीचा बराच वेळ त्यांनी शुक्रवारच्या बिर्याणीनंतरच्या डुलक्यांत घालवला. झोपलेल्या माणसाने इतिहास लिहू नये.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. फिटर बहारीनमध्येच सित्र्याला एका कंपनीत कामाला होता. गावी त्याच्या विहिरीच्या वाटेवरून तंटा झाला आणि जमातीने निवाडा त्याच्या विरुद्ध दिला. तो न मानता त्याने थेट सरकारी कोर्टात दावा लावला. गावचा तंटा गावाबाहेर नेला, या गुन्ह्यासाठी जमातीने त्याच्या घराला वाळीत टाकले. त्यातच मुलीचा निकाह ठरला. वाळीतल्या घरी कोणी जेवायला जात नाही, आणि त्या घराला जमातीच्या देगाही मिळत नाहीत. गावजेवण शिजवायच्या त्या प्रचंड तांब्याच्या देगांवाचून आमच्याकडे लग्न उभे राहत नाही.

बहारीनमधल्या अरादला माझ्या खोलीत आम्ही तिघे बसलो. फिटर दाराशी उभाच राहिला.

"भाईजान, माझ्यासाठी नको. पोरीसाठी बहिष्कार उठवा."

"उठवू की!" व्यापारी म्हणाला. "गाव जेवतं कुणाच्या जिवावर? आपण धाडलेल्या बँकेच्या ड्राफ्टवर. यल्ला, लिहा आणि खलास करा. मला दुकान उघडायचंय."

"ड्राफ्ट पाठवणारा न्यायाधीश होत नाही," मी म्हणालो.

"मग तुमी अध्यक्ष कशाला झालात? पंख्याखाली बसायला?"

स्टोअरकीपर तेवढ्यापुरते जागे होऊन हसले.

शाखेची घटना मी स्वतः लिहिली होती. गावच्या जमातीने गावच्या बाबतीत दिलेल्या निर्णयाची फेरतपासणी शाखा करणार नाही, असे तिच्यात स्वच्छ कलम होते. ते कलम तेव्हा एकमताने संमत झाले होते, व्यापाऱ्याचा हातही वर होता. आज फिटरसाठी ते मोडले असते, तर उद्या हाच व्यापारी आपल्या मेहुण्यासाठी ते मोडायला आला असता. बहिष्कार मला घृणास्पद वाटत होता. पण एखादी गोष्ट घृणास्पद वाटणे निराळे आणि ती रद्द करण्याचा अधिकार असणे निराळे. हा भेद ज्यांना आजतागायत उमगला नाही, ते मला भित्रा म्हणतात.

मी जुने ठराव काढले. त्या देगा आमच्या शाखेने मुंबईहून घेऊन गावाला दिल्या होत्या, आणि त्या 'गावातील कोणत्याही घराच्या कार्यासाठी' आहेत अशी अट ठरावात होती. वाळीतले घरही गावातलेच घर. आमच्या अटीचा अर्थ लावणे आमच्या अधिकारात होते. तेवढाच निकाल मी लिहिला: बहिष्काराबद्दल ही समिती काही म्हणत नाही, देगा फिटरच्या घरी गेल्या पाहिजेत. बाकीच्या दोघांनी सह्या केल्या. व्यापाऱ्याने कागद वाचलाही नाही.

गावाने आमचा निकाल मानला. देगा अंगणात पोचवून दिल्या.

लग्नाची रजा संपवून बहारीनला परतल्यावर फिटर एका शुक्रवारी माझ्याकडे आला. उंबऱ्याच्या आत आला नाही.

"देगा आल्या, भाईजान. आमी भरल्या पण. वऱ्हाड जेवलं. गावातलं कुत्रं नाय फिरकलं. संध्याकाळी खड्डा खणून भात पुरला."

मी कपाटातून निकालाची प्रत काढली.

"तुमच्या त्या कागदात माणसांचं काय होतं?"

"काहीच नव्हतं," मी म्हणालो. "देगा कुणाला द्यायच्या ते मी सांगू शकत होतो. कुणी कुणाकडे जेवावं, ते सांगण्याचा अधिकार मला नव्हता."

निकाल बरोबर होता. आज पुन्हा ते प्रकरण समोर आले, तर शब्दही न बदलता मी तोच लिहीन. स्मरणिकेने बहिष्कार उठवल्याचे श्रेय आम्हाला देऊन त्या पुरलेल्या भातावर आणखी माती लोटली आहे.

त्या दिवशी मी त्याला चहा घ्यायला आत बोलावले.

"नको. सित्र्याची कंपनीची बस चुकेल," तो म्हणाला आणि वळला.

शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, कंपनीची बस नसते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.