नव्या वाळूत गारगोटी नसते

कसबा बावड्यातल्या आमच्या अपार्टमेंटच्या बागेत गुंडूआबा दगड हुंगत हिंडू लागले, तेव्हा वॉचमन आकारामनं आधी दुर्लक्ष केलं. बिचाऱ्यांची बायको, चिमणाबाई, जाऊन महिनाच झाला होता. चौथ्या दिवशी मात्र त्याला राहवेना.

"आबा, दगडं कशापायी हुंगताय?"

"गारगोटी हाय का बघतोय. दोन घासल्या की जळका वास येतोय."

"आला?"

"न्हाय. तुमची ही पांढरी गोटी म्हंजे पावडर लावल्याला नवरदेव. आत ठिणगीच न्हाय."

आबा हे बातम्या वाचल्यासारखं बोलले. ते हसत नव्हते, आणि बाई गेल्यापासून रडलेलेही कुणी पाहिले नव्हते.

चिमणाबाईंना देवापुढं काडेपेटीच्या गंधकाचा वास खपत नसे. म्हणून अठ्ठेचाळीस वर्षं रोज संध्याकाळी आबांनी चकमक झाडायची आणि त्या विस्तवावर बाईंनी दिवा लावायचा. इथं राहायला येताना सामानात गारगोटी हरवली. आठवड्यानं बाईच गेल्या. आता सून क्रांती त्यांच्या फोटोपुढं लायटरनं दिवा लावी आणि आबा उठून गॅलरीत जात. "तिला तसला दिवा चालत न्हाय," एवढंच म्हणत.

मग बांधकामावरचे वाळूचे ढीग उपसून झाले. पण हल्ली वाळू खडी दळून करतात. नदीचा गोटा त्यात येणार कुठून? शेवटी रस्त्याकडेला एक जुनी इमारत पाडत होते, तिथल्या फुटक्या स्लॅबमध्ये आबांना गारगोटी दिसली. ती उकरत ते तासभर उकिडवे बसले.

"ओ पावणं, सोनं हाय व्हय त्यात?" मुकादम ओरडला.

"न्हाय. दगूडच हाय."

मुकादमाचा अगदी विरस झाला.

त्या संध्याकाळी आम्ही शेजारी उगाचच, म्हणजे मुद्दाम, आबांकडं जमलो. आबांनी गारगोटी फोडून धार काढली, तिच्यावर जाळून काळा केलेला कापूस अंगठ्यानं दाबला आणि जुन्या कानशीच्या तुकड्यानं फटके मारायला लागले. दहा झाले, पंधरा झाले. मग कापसावर लाल ठिपका उमटला. नारळाच्या शेंडीत धरून त्यांनी तो फुंकला, जाळ झाला आणि वात लागली.

क्रांतीनं डोळे पुसले. "बरं वाटलं न्हवं, आबा?"

आबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "काय कळंना बघ."

"अवो, अंगठा फाटलाय की! रगात येतंय!"

आबांनी अंगठा शेजाऱ्याचा असावा तसा उलटसुलट करून पाहिला.

"व्हय की," म्हणाले, आणि दुसऱ्या हातानं वात जरा पुढं सरकवली.