रंभाबाईंची तपकिरी पूड

गव्हाणच्या रंभाबाईंचा डॉक्टरांवर विश्वास नव्हता. नवऱ्याला, महादेवला, ताप आला म्हणून पनवेलला नेलं, तिथून दुसरीकडे हलवलं, आणि तेराव्या दिवशी घरी आणलं ते झाकूनच. काय झालं होतं, हे त्यांना समजेल असं कोणी सांगितलं नाही. तेव्हापासून स्वतःचं औषध त्या स्वतःच ठरवत. दुकानात जाऊन पाकिटाचा रंग सांगायचा आणि गोळी आणायची. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्याही डब्यात ठेवायच्या.

पण वीस वर्षं मिठागरात काढलेल्या गुडघ्यांना गोळ्या पुरेनात. तेव्हा त्यांच्या जावेने कोन गावच्या नाक्यावर बसणाऱ्या एका माणसाकडून तपकिरी पूड आणून दिली. निव्वळ जडीबुटी आहे, अपाय नाही, असं तो सांगत असे. आठवड्याभरात रंभाबाई जिना चढू लागल्या. पुतणीच्या हळदीला तर नाचल्या.

दीड वर्षात त्यांचा चेहरा गोल झाला. तब्येत सुधारली, असं बायका म्हणत. सून अंकिताला ते पटेना. तोंड सुजल्यासारखं, हातपाय मात्र काटकुळे, आणि जरा कुठे लागलं की काळानिळा डाग. पूड डॉक्टरांना दाखवू या, असं ती दोनतीनदा म्हणाली. रंभाबाईंना त्यात भलताच वास आला. उलव्याकडची जमीन अजून त्यांच्या नावावर होती. दवाखान्यात नेऊन कशावर सही घेतील, याचा काय नेम? त्या पूड तांदळाच्या डब्यात लपवू लागल्या. सुनेने दिलेला चहा मोरीत ओतून स्वतः दुसरा करू लागल्या.

अंकिताला एकदा तांदूळ काढताना पुड्या सापडल्या. तिने त्या सगळ्या पाण्यात सोडल्या आणि नवऱ्यालाही, हरेशलाही, सांगितलं नाही. रंभाबाईंनी चोरी ओळखली, पण नवी पूड आणवण्याआधीच त्यांना उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी त्या मोरीच्या दारात कोसळल्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कोणती औषधं चालू होती? काहीच नाही, असं हरेश म्हणाला. मग अंकिताने सगळं सांगितलं. पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असावं, चेहरा त्यानेच सुजला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शरीराला त्याची सवय लागली होती. ते एकदम तुटल्यामुळे जीवावर बेतलं. हे औषध हळूहळूच कमी करावं लागतं.

अंकिता बराच वेळ बाहेरच्या बाकड्यावर बसून होती. सासूबाई शुद्धीवर आल्यावर ती आत गेली.

"आई, पूड मी टाकली. तुम्हाला न विचारता."

"मना वाटला, तू मना कायतरी पाजतेस," रंभाबाई म्हणाल्या. "आन तू तं काढून घेतलास."

आता डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या त्याच औषधाच्या गोळ्या महिन्यामहिन्याने कमी होत आहेत. गुडघे पुन्हा दुखतात. गोळी कशाची, हे डॉक्टरीणबाईंकडून मराठीत लिहून घेतल्याशिवाय त्या ती तोंडात घालत नाहीत, आणि तो कागद वाचायला अंकितालाच सांगतात. जाऊ अजून पूड घेते. रंभाबाई तिला सांगायला गेल्या, तर ती म्हणाली, तुला दवाखानेवाल्यांनी पढवलंय. रंभाबाई तिच्या गोल झालेल्या गालांकडे पाहत बसल्या. पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा तिच्याकडे जाणार आहेत.