कापसाच्या खोलीतला मुराळी

खोलीत कापूस भरला की त्याचा कोंदट, उबट वास घरभर पसरतो आणि मला लग्नानंतरची पहिली दिवाळी आठवते.

ताडकळसचं हेच घर, हीच खोली. भाव वाढेपर्यंत कापूस घरातच ठेवलेला, ढीग खिडकी झाकून आढ्याला टेकलेला. मला माहेरी न्यायला भाऊ मुराळी म्हणून येणार होता, तो आलाच नव्हता. कामं उरकली की मी कापसात रुतून बसायची आणि अंग खाजवत मोबाइलवर जपानी ॲनिमे बघायची. त्यातला भाडोत्री सैनिक जुनाट यानातून एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर भटकायचा.

एका दुपारी सासूबाई शेजारी टेकल्या. पडद्यावर यान उतरलं. तुरुंगाच्या गजाआडून एक बाई सैनिकाकडं बघायला लागली.

"कुणाचा मुराळी हाय ह्यो?" त्यांनी विचारलं.

मला हसू आलं. "मुराळी न्हाई, आत्याबाई. पैसे घेऊन लढतो."

"आसंना का. न्यायला आलाय न्हवं?"

सैनिक लढला, त्यानं पैसे घेतले आणि एकटाच उडून गेला. बाई गजाआडच राहिली.

"इतक्या लांबून आला, अन् तसाच गेला?"

त्या उठल्या. दोन्ही हातांनी खिडकीवरचा कापूस ओढून काढला. बाहेर स्टँडाकडून येणारा रस्ता दिसला.

माझ्या भावाची वाट मला दिसावी म्हणूनच हे, असं तेव्हा वाटलं. पण मी चहा करून आणला तरी त्या तिथंच होत्या, खिडकीचे गज धरून, रस्त्याकडं बघत.